कुलूप उघडे, किल्ली गुप्त

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या शेजारच्या माईंनी जुने सागवानी कपाट विकायला काढले. नातवाने त्याचा फोटो मोबाइलवरच्या बाजारात लावला, आणि तासाभरात गिऱ्हाइकाचा फोन आला. घासाघीस नाही, कपाट पाहणे नाही! "आजी, आठ हजार लगेच देतो. मी पाठवलेले ते क्यूआरचे चित्र पैशांच्या ॲपमध्ये उघडा आणि तुमचा पिन घाला, म्हणजे पैसे जमा होतील." माईंनी पिन घातला. पैसे जमा व्हायचे राहिले बाजूला. माईंच्याच पेन्शनमधले आठ हजार गेले.

"अहो, असल्या यंत्राचा काय भरवसा?" माई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

व्ही.पी.ची आठवण

व्यापारातला खरा पेच विश्वासाचा. आधी पैसे पाठवावेत, तर माल येईल कशावरून? आणि आधी माल पाठवावा, तर पैसे मिळतील कशावरून? आपल्याकडे टपालखात्याने १८७७ साली व्ही.पी. सुरू करून हा पेच सोडवला. पोस्टमन पैसे घेई आणि मगच पार्सल हाती देई. दोघा अनोळखी माणसांमध्ये खाकी गणवेशातला तिसरा विश्वासू उभा राहिला.

इंग्लंडमधील गेट्सहेड गावच्या एका ७२ वर्षांच्या आजींनी १९८४ साली टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या दूरचित्रवाणी संचावरून वाणसामान मागवले. अंडी, मार्गारीन आणि कॉर्नफ्लेक्स घरपोच आली. पैसे मात्र त्यांनी दारात रोखच मोजले. मागणी तारेवरून गेली होती, पण पैसे नव्हे. कारण उघड्या तारेवरचा निरोप पोस्टकार्डासारखा असतो. वाटेत कोणीही वाचावा!

गणिताचे कुलूप

निरोप पेटीत घालून कुलूप लावावे, तर किल्ली कशी पाठवायची? तीही वाटेतच चोरीला जायची! १९७६ साली डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी यावर तोड सुचवली. समजा, दुकानदाराने आपली उघडी कुलुपे गावभर वाटली, पण किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवली. कोणीही कुलूप दाबून पेटी बंद करावी. उघडणार मात्र एकटा दुकानदार. पुढल्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या त्रयीने असे कुलूप गणितातून घडवले. गंमत अशी, की ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांनी हीच युक्ती १९७३ सालीच शोधली होती. पण ती १९९७ पर्यंत सरकारी गुपित राहिली!

त्यातले मर्म शाळकरी मुलालाही कळेल. ८९ ला ९७ ने गुणा. उत्तर ८६३३, मिनिटाचे काम. आता उलट करा: कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने ८६३३ येतात? बसलात ना डोके खाजवत? प्रत्यक्षात या संख्या शेकडो अंकी असतात, आणि तेथे मोठमोठे संगणकही हात टेकतात.

ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेत अशाच कुलपाआड क्रेडिट कार्डाचा क्रमांक पाठवून एका गिऱ्हाइकाने स्टिंग या गायकाची तबकडी विकत घेतली. आज दुकानाच्या पत्त्यापुढे 'एचटीटीपीएस' दिसते, ते अशाच कुलपाचे चिन्ह. मात्र त्याचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणी निरोप वाचत नाही आणि तो त्याच पत्त्यावर पोहोचतो. त्या पत्त्यावरचा दुकानदार सज्जन आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही!

पिन म्हणजे सही

आपल्याकडे २०१६ साली आलेल्या यूपीआयचे कामही असेच चालते. भाजीवाल्याकडचे क्यूआर चित्र म्हणजे निव्वळ त्याच्या खात्याचा पत्ता. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघालेली ही युक्ती! आपण पिन घातला, की तो मोबाइलमध्येच कुलूपबंद होतो. हुकूम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेमार्फत आपल्या बँकेकडे जातो. आपली बँक पैसे वजा करते, भाजीवाल्याची जमा करते. पिन भाजीवाल्याला कधीच दिसत नाही.

म्हणजे पिन ही आपली चेकवरची सही. पैसे देताना सही करतात. घेताना चेकवर सही कोण करतो? माईंच्या बाबतीत यंत्र चुकले नव्हते. त्यांनी नकळत सही केली आणि यंत्राने ती इमानाने पाळली. कुलूप कोणी फोडलेच नाही. गोड बोलून किल्ली फिरवून घेतली.

असे घडलेच, तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितकी घाई, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक. माईंच्या नातवाने त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. पैसे अजून परत यायचे आहेत.

कपाट मात्र गेल्या रविवारी विकले गेले. गिऱ्हाइकाने दारे उघडून पाहिली, कड्या वाजवून पाहिल्या आणि माईंच्या क्यूआरवर पैसे भरले. "आजी, तुमचा मोबाइल बघा," तो म्हणाला.

माईंनी खात्यातली रक्कम पाहिली आणि त्या ठसक्यात म्हणाल्या, "बघते. पण पिन काही घालायची नाही हो मी!"