शत्रू कमी, पेच जास्त : हवाई हल्ल्याचं मिशन स्वतः रचताना

‘डीसीएस वर्ल्ड’ हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर फुकट डाउनलोड करता येतो. त्यासोबत सुखोई-२५टी हे जमिनीवर हल्ला करणारं विमान मिळतं, कॉकेशसचा नकाशा मिळतो आणि स्वतःची मिशनं रचायचा एडिटरही मिळतो. तरी बरेच जण आयत्या मिशनांवरच भागवतात. एडिटर उघडलाच, तर एखाद्या शेतात तीसेक रणगाडे ओळीनं मांडतात आणि वरून बॉम्ब टाकतात. दोनदा मजा येते, तिसऱ्यांदा जांभई. मग निकाल लागतो : हे काम प्रोग्रामिंग येणाऱ्यांचं.

तसं ते नाही. मिशनची फाइल म्हणजे एक झिप फाइल असते आणि तिच्यात लुआ भाषेतली कोष्टकं असतात, हे खरं. पण ती एडिटर लिहितो. आपण नकाशावर एक वर्तुळ काढायचं, तो झाला ट्रिगर झोन. मग यादीतून अट निवडायची : या गटातलं एखादं वाहन इथं शिरलं तर. आणि परिणाम निवडायचा : संदेश दाखव, किंवा दडवून ठेवलेला गट जागा कर. चांगल्या मिशनाचं पोट एवढ्यावर भरतं. ‘मूस’ आणि ‘मिस्ट’ हे चाहत्यांनी लिहिलेले लुआ-संग्रह जबरदस्त आहेत, पण त्यांची गरज फार पुढं पडते.

खरा घोळ दुसऱ्या समजुतीत आहे : शत्रू जितके जास्त, तितकं मिशन अवघड. जास्त शत्रूंनी प्रोसेसर दमतो, वैमानिक दमतोच असं नाही. उघड्यावरचे तीस रणगाडे म्हणजे तीस वेळा तेच काम. अडचण उभी राहते ती वैमानिकाला दोन वाईट पर्यायांतून एक निवडावा लागतो तेव्हा.

कारगिल आठवून पाहा. २८ मे १९९९ रोजी हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पाडलं आणि आतले चौघेही गेले. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं त्या हल्ल्यांतून काढून घेण्यात आली आणि लढाऊ विमानं अशा क्षेपणास्त्रांच्या टप्प्याच्या वर राहून हल्ले करू लागली. २४ जूनला टायगर हिलवर मिराज-२००० विमानांनी लेसरनं नेम धरलेले बॉम्ब टाकले. डोंगरात लपलेला, एका माणसाला उचलता येणारा नळा साऱ्या मोहिमेची आखणी बदलू शकतो, तर एडिटरमध्ये तीस रणगाडे कशाला हवेत?

आता हेच नकाशावर मांडू. इंगुरी नदीच्या पुलाकडे दहा ट्रकांचा ताफा निघाला आहे. त्याच्यासोबत एक शिलका द्या. चार नळ्यांची ही २३ मिलिमीटरची विमानवेधी तोफ साधारण अडीच किलोमीटरपर्यंत मारा करते. जोडीला एक इग्ला द्या. खांद्यावरचं हे क्षेपणास्त्र सुमारे साडेतीन किलोमीटर उंचीपर्यंत पोचतं. चार किलोमीटरवर राहिलात तर जीव वाचतो, पण नुसत्या डोळ्यांना तिथून ट्रक दिसणं कठीण. खाली आलात तर ट्रक दिसतात आणि तुम्हीही दिसता. आता ढगांचा तळ दीड हजार मीटरवर आणा. ढगातून लेसर जात नाही, त्यामुळे वरची सुरक्षित जागाच बंद झाली. एकही नवा शत्रू न घालता मिशन दुप्पट अवघड झालं. (डीसीएसमधल्या संगणकी शत्रूंना ढगांचा त्रास माणसाइतका होत नाही, ही खेळाडूंची जुनी तक्रार आहे. ढग वापरताना तेवढं ध्यानात असू द्या.)

नकाशावरची लाल वर्तुळं बघून पुष्कळ जण बिचकतात. पण ते वर्तुळ म्हणजे शस्त्राचा कमाल पल्ला. मध्ये डोंगराची सोंड आली की रडारला पलीकडचं दिसत नाही. कॉकेशसचा नकाशा तर असल्या आडोशांनी भरलेला आहे. म्हणून ‘ओसा’सारखं दहाएक किलोमीटर पल्ल्याचं क्षेपणास्त्र ठेवताना एक दरी मुद्दाम मोकळी सोडावी. नकाशा नीट वाचणाऱ्याला ती सापडते.

शत्रूचं कौशल्य सर्वोच्च पातळीवर नेलं की मिशन वास्तवाला धरून होतं, हीसुद्धा समजूतच. त्यानं समोरचा चटकन आणि नेमका प्रतिसाद देतो. क्षेपणास्त्राचा पल्ला तोच राहतो. त्यापेक्षा गटाच्या सतर्कतेची पातळी हाताळा. सुरुवातीला ओसा गाफील ठेवा आणि पहिला बॉम्ब पडल्यावर ट्रिगरनं तिला जागं करा. पहिली फेरी सोपी, दुसरी जीवघेणी. प्रत्यक्ष युद्धातही पहिल्या फेरीनंतर समोरचा झोपून राहत नाही.

आता यशाची अट. ‘सगळे ठार’ ही अट मिशनाची माती करते. एखादा ट्रक झाडाआड अर्धवट मोडून उभा राहतो आणि वैमानिक इंधन संपेपर्यंत तो एक ट्रक शोधत घिरट्या घालतो. एडिटरमध्ये गटातले किती टक्के उरले यावर अट घालता येते, ती वापरा. शिवाय हवाई हल्ल्याचा हेतू बहुधा वेळेशी जोडलेला असतो. ताफा ताशी ३० किलोमीटरनं पुलाकडे येतोय आणि पूल १५ किलोमीटर दूर आहे, म्हणजे हाती अर्धा तास. मारा झाल्यावर गाड्या पांगून थांबण्याची सोयही आहे. ती चालू ठेवली, तर नुसता खोळंबा केल्यानंसुद्धा पुलावरची आपली तुकडी वाचू शकते, आणि ते यशच धरावं.

‘आपणच रचलेलं आपल्याला ठाऊकच असणार’ असंही म्हणतात. ओसासाठी तीन जागा ठरवा, तिन्ही गट दडवून ठेवा, मिशन सुरू होताना एका फ्लॅगला (आकडा साठवणाऱ्या खुणेला) १ ते ३ मधली यादृच्छिक किंमत द्या आणि त्यानुसार एकच गट जागा करा. मग तुम्हालाही कळणार नाही.

ब्रीफिंगकडे मात्र हौशी लोक ढुंकून बघत नाहीत. जमिनीवरचा नियंत्रक वैमानिकाला हल्ल्याची माहिती नऊ ओळींत देतो. आठवी ओळ आपले सैनिक कुठं आहेत याची. ती ओळ ब्रीफिंगमध्ये नसेल तर बाकीचं कितीही सजवा, मिशन अपुरं. उलट, शत्रूच्या प्रत्येक वाहनाची जागा सांगून टाकू नका. युद्धात तेवढं कुणालाच माहीत नसतं.

मिशन झालं की मित्राला द्या आणि तो उडत असताना गप्प बसा. तो जे जे विचारेल ते ब्रीफिंगमध्ये राहून गेलेलं आहे. आणि आणखी एक शिलका घालावी असं वाटलं, तर आधी ढग दोनशे मीटर खाली आणून पाहा.