खुंट्या काढल्या आणि ६०० वर्षांचे घर वाचले!

इंग्लंडच्या केंट परगण्यात १९६०च्या दशकात बाऊ बीच जलाशयाचे काम निघाले आणि ‘बेलीफ’ हे पंधराव्या शतकातले शेतकऱ्याचे घर बुडणार हे ठरले. पण ते बुडाले नाही. सुटे करून शेजारच्या ससेक्समधील सिंगलटन गावी, वील्ड अँड डाउनलंड संग्रहालयात ते पुन्हा उभारले गेले.

हे शक्य झाले कसे? कारण या घराचा भार भिंतींवर नाहीच, तो ओकच्या सांगाड्यावर आहे. एका लाकडाच्या टोकाला जीभ, दुसऱ्यात तेवढीच खाच आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. त्या काळचे सुतार ओक ओला असतानाच कापत. तो वाळताना आकसे आणि सांधा आणखी आवळला जाई. खुंट्या काढल्या की सांगाडा सुटा!

भिंती म्हणजे नुसते भराव. विणलेल्या काटक्यांवर माती, शेण आणि गवताचा लेप. कोकणातला कूड आठवावा, तसेच.

मधला दिवाणखाना थेट छपरापर्यंत मोकळा. जमिनीवरच चूल, धुराडे नाही. धूर छपरातूनच वाट काढी. खिडक्यांना काच नाही, फक्त लाकडी गज आणि झडपा. आज देखणे वाटणारे हे घर हिवाळ्यात किती गारठत असेल! तरीही त्या काळी ते खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचे घर होते. दोन्ही टोकांना माडी आहे आणि तिचा पुढचा भाग खालच्या भिंतीच्या बाहेर झुकलेला दिसतो.