भट्टी बिघडली नव्हती, राख तुंबली होती

सालवडला आमचे कापडाचे एक गोदाम आहे. तारापूर एम.आय.डी.सी.तल्या प्रोसेस हाऊसमधून रंगून आलेला माल तेथे उतरतो, त्याच्या घड्या व गाठी होतात आणि तो पुढे बाजारात जातो. गोदामाच्या भिंतीला लागून आमच्या साडूंची खानावळ आहे. तिन्ही पाळ्यांचे कामगार तेथे जेवतात. गॅसच्या खर्चाला कंटाळून साडूंनी पेलेटवर चालणारी भट्टी बसविली, तेव्हा तिच्यात थोडा पैसा आम्हीही घातला. म्हणून जळणाच्या हिशेबाची वही महिन्याअखेर आमच्यापुढे येते.

पहिले चार महिने वही उत्तम होती. पुढे मात्र जेथे दिवसाला दोन गोणी पुरत, तेथे अडीच लागू लागल्या, मग पावणेतीन. डाळ शिजायला वेळ लागू लागला, पातेल्यांचे बूड काळे पडू लागले, आणि पहिल्या पाळीचे लोक डोळे चोळत जेवू लागले. साडूंचा सारा राग भट्टी विकणाऱ्यावर. आमचा संशय पेलेटवाल्यावर. शेवटी भट्टी भंगारात देऊन पुन्हा सिलिंडर आणायचे ठरले.

भट्टी उचलायच्या आधी वेल्डिंगच्या एका मिस्त्रीला दाखविली. त्याने थंड भट्टीतून जळणाचे भांडे वर काढले, उजेडात धरले आणि आमच्यापुढे केले. भांड्याच्या तळाला छिद्रे असतात, त्यांतली निम्म्याहून अधिक बुजलेली होती. तळाशी काळसर हिरवा, काचेसारखा चकाकणारा एक दगड चिकटून बसला होता. मिस्त्री म्हणाला, "चाचा, हिला कसला रोग नाही. हिचे नाक बंद आहे."

आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, कापडाचा धंदा करणारे. यंत्राचे शास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्या दिवसापासून विचारत, पाहत जे समजले ते आपल्या हॉटेलवाल्या, मिठाईवाल्या, रंगाऱ्या बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, भाताचे तूस असा माल मोठ्या दाबाखाली घालून केलेल्या कांड्या. त्या साधारण 6 ते 8 मिलिमीटर जाडीच्या असतात. याच मालाचे मनगटाएवढे जाड ठोकळे करतात, त्यांना बाजारात व्हाइट कोल म्हणतात. भट्टीत ब्लोअर दोन वाटांनी हवा देतो. तळाच्या छिद्रांतून आलेल्या हवेने कांड्या तापतात आणि त्यांच्यातून वायू सुटतो. वरच्या कडेच्या छिद्रांतून आलेल्या हवेने तो वायू जळतो. खरी ज्योत ती हीच. तळाची छिद्रे बुजली तर कांड्या नुसत्या धुमसत ढीग होऊन बसतात. वरची बुजली तर वायू न जळताच धूर होऊन निघून जातो, म्हणजे विकत घेतलेले जळण चक्क धुराड्यातून बाहेर पडते. आमच्याकडे दोन्ही प्रकार चालू होते. वर स्वयंपाकी जाळ कमी दिसला की आणखी कांड्या ओतायचा, त्यामुळे राख वाढायची आणि जाळ आणखी मंदावायचा.

आता राख किती होते, याचा व्यापारी हिशेब पाहू, कारण आमचा घाटा येथेच झाला. स्वच्छ लाकडी भुशाच्या पेलेटमध्ये राख साधारण शेकडा एकच्या आसपास असते. युरोपात घरगुती शेगड्यांसाठी जो सर्वांत वरचा दर्जा ठरविला आहे, त्यात तर शेकडा 0.7 पेक्षा जास्त राख चालत नाही. भाताच्या तुसात हेच प्रमाण शेकडा 15 ते 20 पर्यंत जाते. म्हणजे 100 किलो जळण जाळले तर भुशाच्या मालामागे किलोभर राख उरते, आणि तुसाच्या मालामागे 15 ते 20 किलो. शिवाय तुसाची आंचही कमी. चांगल्या भुशाच्या पेलेटचा एक किलो 4000 किलोकॅलरीच्या वर उष्णता देतो, तूस 3000 ते 3500 च्या दरम्यान राहते.

मधल्या काळात साडूंनी किलोमागे दोन रुपये स्वस्त माल धरला होता, हे आम्हाला तेव्हा समजले. आपल्या पालघर जिल्ह्यात वाड्याकडे भात मुबलक, वाडा कोलम तर सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा गिरण्यांतले तूस जळणासाठी बाजारात येणारच. तुसाला आम्ही वाईट म्हणत नाही. मोठ्या बॉयलरमध्ये, जेथे राख काढायला माणूस उभा असतो, तेथे ते चांगले चालते. पण लहान भांड्याच्या भट्टीत तेच जळण दर दोन तासांनी साफसफाई मागते. स्वस्त गोणी घेताना आपण वजनाने राखही विकत घेतो आणि ती काढण्याची मजुरी वर देतो.

काचेसारख्या दगडाचे कारणही मालातच असते. तुसात सिलिका भरपूर. शेतातल्या काड्या-काटक्यांत पोटॅशियम जास्त. दोन्ही एकत्र तापले की राख लवकर वितळते आणि थंड झाली की दगड होतो. वाळूत खार घालून काच करतात, त्यातलाच हा प्रकार. मालात माती मिसळलेली असेल तरी हेच होते. म्हणून नवीन माल घेताना आम्ही आता एक साधी परीक्षा करतो. एक किलो माल तोलून साफ भट्टीत एकटा जाळायचा, पूर्ण थंड झाल्यावर राख तोलायची आणि तिच्यात खडे आहेत का ते चाळून पाहायचे. सोने कसोटीवर घासावे तसे हे समजा. पंधरा-वीस ग्रॅम राख निघाली तर माल घ्यावा, शंभरावर गेली तर भाव पाडून मागावा किंवा सोडून द्यावा. राखेचा रंगही बोलतो. पांढरट, हलकी राख म्हणजे जळण पुरे जळाले. काळी राख म्हणजे तिच्यात कोळसा शिल्लक आहे आणि हवा कोठेतरी अडली आहे.

साफसफाईची आमची पद्धत आता बसली आहे. फजरनंतर, पहिला जाळ घालण्यापूर्वी, भट्टी रात्रभर थंड झालेली असते तेव्हा जळणाचे भांडे बाहेर काढून उपडे करायचे. चिकटलेला दगड छिनीने हळूच उडवायचा. पाणी ओतून फोडायचा नाही, गरम लोखंड तडकते. प्रत्येक छिद्रात तार घालून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचे. तार छिद्राहून बारीक असावी, ठोकून छिद्र मोठे करू नये. आमच्या पोऱ्याने ते एकदा केले आणि हवा एकाच बाजूने फुंकू लागली. मग खालचा राखेचा कप्पा रिकामा करायचा. तो गळ्यापर्यंत भरला तर ब्लोअरची हवाच अडते, हे आमच्या ध्यानातही नव्हते. एवढे काम वीस मिनिटांचे.

आठवड्यातून एकदा ब्लोअरची वीज काढून त्याच्या पात्यांवरची धूळ ब्रशने झाडावी. खानावळीत तेलाची वाफ आणि आमच्या गोदामाचा कापसाचा तंतू, दोन्ही मिळून पात्यांवर चांगली गादी बसते. महिन्यातून एकदा धुराडे, विशेषतः त्याचा वाकलेला भाग, उघडून ब्रश फिरवावा. उडालेली राख वाकणावरच साचते. दाराची दोरी तुटली असेल तर बदलावी, नाहीतर नको तेथून हवा आत शिरते. जाळ पिवळा, आळशी, वर काजळी सोडणारा दिसला की रेग्युलेटर वाढविण्याआधी भांडे पाहावे. आम्ही चार महिने नुसता रेग्युलेटरच फिरवत होतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्याच चुकीची आहे. साफसफाई सुरू केल्याच्या पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी काढलेली राख आम्ही प्लास्टिकच्या गोणीत भरली आणि गोदामाच्या मागच्या दाराशी ठेवली. हात लावून पाहिली होती, वरून गार होती. राखेच्या पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो, कारण राखच त्याला रजईसारखी झाकते, हे तेव्हा माहीत नव्हते. रात्री गोणी वितळली. शेजारी चिंध्यांचे गाठोडे होते, त्याच्यामागे लट्ठ्याचे तागे. सुती कापड आधी ज्योतीने पेटत नाही, आतल्या आत धुमसत जाते. वॉचमनला धुराचा वास आला म्हणून अकरा ताग्यांवर निभावले. तासभर उशीर झाला असता तर गोदाम आणि खानावळीच्या माळ्यावर झोपलेली चार पोरे, यांचे काय झाले असते, याचा विचार आम्ही आजही करत नाही.

तेव्हापासून राख घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जाते. डबा उघड्यावर, विटांवर, कापड व गोण्यांपासून दूर राहतो आणि तीन दिवस रिकामा करत नाहीत. घरातला व्हॅक्यूम क्लीनर राखेला लावू नये, आत शिरलेला निखारा त्याच्या पिशवीला पेटवतो. माळ्यावर झोपणेही बंद केले. तुंबलेल्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. धुमसती भट्टी असलेल्या बंद खोलीत कोणालाही झोपू देऊ नका, थंडीत तर मुळीच नाही.

कापडवाल्या बंधूंना वाटेल, हे खानावळीचे प्रकरण आहे. तसे नाही. आपला माल ज्या बॉयलरच्या वाफेवर रंगतो, तोही पुष्कळ ठिकाणी आता व्हाइट कोलवर चालतो, आणि तेथेही दुखणे हेच. नळ्यांवर 3 मिलिमीटर काजळी बसली तर इंधन शेकडा अडीच जास्त लागते, आणि धुराड्यातून जाणारा धूर 22 अंशांनी जास्त गरम झाला की बॉयलरची कार्यक्षमता शेकडा एकने उतरते, असे ऊर्जा बचतीच्या शिक्षणात शिकवतात. आम्हाला ते वेगळ्या वाटेने समजते. जाळीवर राख तुंबून वाफेचा दाब पडला की जिगरमधला रंग नीट चढत नाही, आणि एकाच लॉटच्या दोन ताग्यांत शेडचा फरक येतो. गिऱ्हाईक माल परत करते तेव्हा आपण रंगाऱ्याला दोष देतो. आम्ही आता प्रोसेस हाऊसमध्ये गेलो की फायरमनलाही भेटतो, सलाम-दुआ करतो आणि जाळी कधी झाडली ते विचारतो. शिवाय 2018 च्या प्रदूषणाच्या मोजणीत तारापूर देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर होते. येथे काळा धूर सोडणे कोणालाच परवडणारे नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. सालवडपासून समुद्र दूर नाही. 2025 च्या जूनमध्ये बकरी ईदला भट्टी आठ दिवस बंद होती आणि राख आत तशीच राहिली. परत आलो तेव्हा तिचा ओला गारा होऊन पत्र्याला चिकटला होता, खाली गंज धरला होता. राख खारट असते, ओल लागली की लोखंड खाते. बंद ठेवायची असेल तर आधी कोरडी झाडून ठेवावी. कांड्याही जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवाव्यात. ओल लागलेल्या कांड्या फुगून भुसा होतात आणि तोच भुसा छिद्रांत जातो.

मुंबईच्या बेकरीवाल्यांकडून हल्ली विचारणा होते. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना गॅस किंवा दुसऱ्या हरित इंधनाकडे वळण्यास सांगितले, तेव्हापासून पेलेटची चर्चा आहे. पेलेट त्यात बसते की नाही, हे पैसे गुंतविण्याआधी पालिकेकडून लेखी घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर राहू नये.

राखेचे शेवटी काय करायचे, असेही विचारतात. स्वच्छ लाकडाची राख आमच्याकडून जवळचे चिकूवाले थोडी थोडी नेतात, भांडी घासायलाही चालते. प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा असेल तर ती शेतातही नको, भांड्यालाही नको. गटारात तर कोणतीच टाकू नये, पहिल्या पावसात ते तुंबते. साडूंकडे सध्या दिवसाला दोन गोणी लागतात, आणि वहीत आता जळणाशेजारी राखेच्या वजनाचा एक रकाना आहे.