शोधनिबंधाचा पूर्ण मजकूर मिळवायचा कसा? म्हैसूरच्या एका जुन्या लेखमालेचे उदाहरण

म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत विसाव्या शतकाच्या आरंभी तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ग्रंथ लिपीतील ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथालयातील विद्वान आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि हा कौटिल्याचा अर्थशास्त्र ग्रंथ असल्याचे ओळखले. १९०९ साली मूळ संहिता व १९१५ साली संपूर्ण इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. मात्र ग्रंथ निघण्यापूर्वी, १९०५ पासूनच, शामशास्त्री यांनी या पोथीतील भागांची भाषांतरे नियतकालिकांतून छापण्यास सुरुवात केली होती आणि अभ्यासकाला अनेकदा नेमके हेच पहिले लेख पाहावे लागतात. संदर्भसूचीत त्यांचा उल्लेख असतो, प्रत्यक्ष मजकूर मात्र सहजासहजी हाती लागत नाही.

यातील पहिली अडचण शीर्षकाची आहे. मुंबईहून १८७२ मध्ये सुरू झालेल्या 'इंडियन अँटिक्वेरी' या मासिकात १९०५ साली आलेल्या लेखाच्या शीर्षकात चाणक्याचे नाव असून जमीन व महसूलविषयक धोरणाचा उल्लेख आहे. 'अर्थशास्त्र' हा शब्द त्यात नाही. त्यामुळे संगणकावर 'अर्थशास्त्र' असा शोध घेणाऱ्याला तो लेख दिसेलच असे नाही. शिवाय हा लेख एका अंकात संपत नाही, तो हप्त्याहप्त्याने छापला गेला आहे. लेखकाच्या नावाचीही रोमन लिपीत दोन-तीन प्रकारची वर्णयोजना आढळते. अशा वेळी शीर्षकाचा नाद सोडून खंड क्रमांक धरावा, हे उत्तम. पहिला खंड १८७२ चा असल्याने १९०५ चा खंड चौतिसावा ठरतो. तो रोमन अंकांत छापलेला असतो आणि सूचीकारांच्या हातून या अंकांत चुका होतात, म्हणून वर्ष व खंड यांचा मेळ बसतो की नाही, हे स्वतः मोजून पाहणे श्रेयस्कर.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. शामशास्त्री १९४४ साली निवर्तले. म्हणजे २००४ च्या अखेरीस त्यांच्या लेखनावरील हक्क संपला. 'इंडियन अँटिक्वेरी'चे जुने खंड आज 'इंटरनेट अर्काइव्ह'वर विनामूल्य पाहता येतात. तेथे लेखाच्या नावाने नव्हे, तर मासिकाचे नाव आणि वर्ष देऊन शोधावे लागते व संपूर्ण खंड उतरवून घेऊन अनुक्रमणिका चाळावी लागते. काम कंटाळवाणे आहे खरे, पण खात्रीचे आहे.

अलीकडील निबंधांची गोष्ट निराळी. तेथे मजकूर सापडतो, पण वाटेत प्रकाशकाचे कुलूप असते. सारांश विनामूल्य दिसतो, पुढील पानांसाठी अनेकदा ३० ते ४० डॉलर मागितले जातात. एका प्रबंधासाठी शंभरेक निबंध पाहावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला हा खर्च झेपणे अशक्यच. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेस मान्यता दिली ती याच कारणाने. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना उपलब्ध होतात. गांधीनगरचे 'इन्फ्लिबनेट' केंद्र तिचा समन्वय करते. खासगी महाविद्यालयातील प्राध्यापक किंवा कोणत्याही संस्थेत नसलेला अभ्यासक मात्र या दाराबाहेरच राहतो, ही या योजनेची ठळक उणीव म्हटली पाहिजे.

अशा वाचकाने प्रथम निबंधाचा 'डीओआय' क्रमांक मिळवावा. दहा या अंकाने सुरू होणारा हा क्रमांक निबंधाची कायमची ओळख असतो. संकेतस्थळ बदलले तरी तो बदलत नाही. 'अनपेवॉल' या सेवेला हा क्रमांक दिल्यास निबंधाची कायदेशीर विनामूल्य प्रत कोठे ठेवलेली आहे काय, हे कळते. ही प्रत बहुधा लेखकाचे स्वीकृत हस्तलिखित असते. आशय तोच असला तरी पृष्ठांक छापील अंकाप्रमाणे नसतात, म्हणून अवतरण देताना सावध राहावे.

याखेरीज आणखी एक वाट आहे, जिचा विसर पडतो. निबंध पुष्कळदा लेखकाच्या पीएच.डी. प्रबंधातूनच निघालेला असतो. प्रबंध संगणकावर आणण्याच्या देशातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी 'विद्यानिधी' हा प्रकल्प म्हैसूर विद्यापीठातच २००० साली सुरू झाला होता. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि 'शोधगंगा' हे राष्ट्रीय भांडार उभे राहिले. तेथे लेखकाचे नाव घालून पाहिल्यास निबंधातील तक्ते व मोजमापे अधिक विस्ताराने हाती येण्याची शक्यता असते.

तरीही काही न मिळाल्यास लेखकालाच पत्र लिहावे. पत्रव्यवहारासाठीचा ई-मेल पत्ता सारांशाच्या पानावर बहुधा असतोच. निबंधाचे नाव, वर्ष आणि तो कशासाठी हवा आहे, एवढे तीन-चार ओळींत लिहिल्यास पुरते. आपले काम कोणी वाचू इच्छितो, याचा बहुतेक संशोधकांना आनंदच होतो. अनधिकृत संकेतस्थळांचा मार्ग मात्र वादात सापडलेला आहे. 'साय-हब'विरुद्ध तीन प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश दिला.

आणि ग्रंथपालास विसरू नये. १९८८ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'डेलनेट'सारख्या जाळ्यामुळे एका ग्रंथालयात नसलेला लेख दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतो. ही विनंती वाचकाने परस्पर करावयाची नसते, ती सदस्य ग्रंथालयामार्फतच जाते. तेव्हा खंड, अंक व पृष्ठांक लिहिलेली चिठ्ठी घेऊनच ग्रंथपालाकडे जावे.