शौर्यपदकाची थाप मारली, गुन्हा कबूल केला, तरी गडी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जिंकला कसा?

२३ जुलै २००७. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळाची बैठक सुरू होती. नव्याने निवडून आलेले संचालक झेवियर अल्वारेझ स्वतःची ओळख करून द्यायला उभे राहिले. म्हणाले, मी २५ वर्षं मरीन्समध्ये होतो, २००१ ला निवृत्त झालो, १९८७ मध्ये मला मेडल ऑफ ऑनर मिळालं आणि एकाच माणसाच्या हातून मी कितीतरी वेळा जखमी झालो.

आता मेडल ऑफ ऑनर म्हणजे साधंसुधं पदक नाही. आपल्याकडे जे स्थान परमवीर चक्राचं, तेच अमेरिकेत या पदकाचं. यादवी युद्धापासून आजपर्यंत ते साडेतीन हजारांच्या आसपास लोकांनाच मिळालंय.

आणि अल्वारेझ? ते सैन्यात एक दिवसही नव्हते.

बरं, ही त्यांची पहिली थाप नव्हती. आपण व्यावसायिक आइस हॉकी खेळलो, मेक्सिकोच्या एका नटीशी लग्न केलं होतं, असंही ते सांगत फिरायचे. पण त्या थापांना कुणी विचारलं नाही. पदकाची थाप मात्र महागात पडली, कारण त्या बैठकीचं रेकॉर्डिंग एफबीआयच्या हाती लागलं आणि अशा थापांसाठी देशात नुकताच एक कायदा झाला होता.

त्या कायद्याचं नाव स्टोलन व्हॅलर ॲक्ट. मराठीत सांगायचं तर चोरलेलं शौर्य.

हा शब्द रूढ झाला १९९८ च्या एका पुस्तकामुळे. टेक्सासचे बी. जी. बर्केट स्वतः व्हिएतनाम युद्धाच्या वेळी तिथे सैन्यात होते. तिथल्या सैनिकांच्या स्मारकासाठी पैसे गोळा करताना त्यांना युद्धाच्या भलत्याच कहाण्या सांगणारे लोक भेटायला लागले. त्यांनी माहितीच्या अधिकारात सरकारी नोंदी मागवायला सुरुवात केली. निघालं काय, तर कुणी युद्धभूमीवर गेलंच नव्हतं, कुणी स्टोअरमध्ये कारकून होतं आणि सांगत होतं कमांडो असल्याचं.

यात एक गंमत आहे. अनेक थापाडे खरोखर सैन्यात होते. पण त्यांची नोकरी कंटाळवाणी होती, कुणी ऐकायला बसावं अशी नव्हती. मग बदलीचं ठिकाण बदलतं, हुद्दा वाढतो, दर वर्षी गोष्टीत एक गोळी जास्त लागते. शिकलेले लोकही यातून सुटत नाहीत. पुलित्झर मिळवलेले इतिहासकार जोसेफ एलिस वर्गात विद्यार्थ्यांना आपल्या व्हिएतनामच्या आठवणी सांगायचे. ते तिथे गेलेच नव्हते, हे २००१ मध्ये उघड झालं आणि कॉलेजने त्यांना वर्षभरासाठी बिनपगारी निलंबित केलं.

तर २००५ चा हा कायदा सांगत होता की, लष्करी पदक मिळाल्याचं खोटं बोललात तर ६ महिने तुरुंग आणि मेडल ऑफ ऑनरबद्दल बोललात तर १ वर्ष. अल्वारेझ यांनी गुन्हा कबूल केला, पण अपिलाचा हक्क राखून ठेवला. शिक्षा झाली ३ वर्षं प्रोबेशन, ४१६ तास समाजसेवा आणि ५ हजार डॉलर दंड.

त्यांच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. आमचा अशील खोटं बोलला, मान्य. पण नुसतं खोटं बोलणं हा गुन्हा कसा?

२८ जून २०१२ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ अशा मतांनी हा कायदाच रद्द केला. न्यायमूर्ती केनेडी यांचा मुद्दा असा की, कुणाचं नुकसान झालं की नाही, फायदा उकळला की नाही, हे न पाहता सरकार फक्त खोटेपणासाठी शिक्षा द्यायला लागलं, तर ते थांबणार कुठे? उद्या वयाबद्दल, शिक्षणाबद्दल, बारमध्ये मारलेल्या फुशारकीबद्दलही खटले भरता येतील. खोट्यावर उपाय खरं बोलणं हाच, असं त्यांनी लिहिलं. सरकारने पदकविजेत्यांची यादीच ऑनलाईन टाकावी, म्हणजे थापाड्याला कुणीही पकडेल, असंही सुचवलं.

विरोधात गेलेले न्यायमूर्ती अलिटो यांनी दिलेलं उदाहरण मात्र डोक्यात राहतं. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने माजी सैनिकांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा ४९ जणांनी आपल्याला मेडल ऑफ ऑनर मिळाल्याचं सांगितलं. त्यातल्या २४ जणांना ते मिळालंच नव्हतं.

पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. यात एक अट वाढवली. पैसे, मालमत्ता किंवा तसाच ठोस फायदा मिळवण्यासाठी पदकाची थाप मारली, तरच गुन्हा. पारावर बसून फुशारकी मारणारा सुटला, त्याच फुशारकीवर देणगी गोळा करणारा अडकला. अल्वारेझ यांनाही प्रत्यक्ष तुरुंगात जावं लागलं ते पदकामुळे नाही, तर घटस्फोटित बायकोचं नाव मंडळाच्या आरोग्य विम्यात घुसवल्याच्या वेगळ्या खटल्यात.

पकडले गेल्यावर थापाड्यांची दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘माझी फाईल आगीत जळाली.’ आग खरंच लागली होती. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या नोंदणी केंद्रात १ कोटी ६० लाखांहून जास्त फायली गेल्या. पण त्यात प्रामुख्याने १९६० च्या आधी लष्करातून आणि १९६४ च्या आधी हवाई दलातून बाहेर पडलेल्यांच्या फायली होत्या. व्हिएतनामवाल्यांना हे कारण सहसा चालत नाही. दुसरं उत्तर, ‘माझं काम गुप्त होतं.’ मोहीम गुप्त असू शकते, पण माणूस सैन्यात होता हे सहसा गुप्त नसतं.

आता हे काम सोशल मीडियाने हातात घेतलंय. वर्दीतल्या माणसाला रस्त्यात अडवायचं, प्रश्न विचारायचे, व्हिडिओ टाकायचा. यात खरे सैनिकही खोटे ठरवले गेलेत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पदक चुकीच्या जागी लावलं किंवा त्याला तुकडीचं नाव पटकन आठवलं नाही, की कमेंटमध्ये निकाल लागतो. कोर्टात निदान अपील तरी करता येतं.

आपल्याकडे काय? आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकासारखी वर्दी घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद, २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या वस्तूंच्या ॲपवर ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात विकायचीय’ म्हणत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवणारे मात्र थेट फसवणुकीच्या कलमात येतात. समोरचा गाडी दाखवायच्या आधी ॲडव्हान्स मागत असेल, तर पैसे पाठवू नका. पाठवले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि पदकाचं म्हणाल, तर परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळालंय, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाईटवर ही सगळी नावं आहेत.