शेवटून पहिले : टॅम्पा बेच्या चाच्यांची कहाणी

(द्वितीय वर्ष कला)

‘फुटबॉल’ हा शब्द वाचून आमच्या कोल्हापूरकर मित्रांनी लगेच हुरळून जाऊ नये. येथे लिहायचे आहे ते अमेरिकन फुटबॉलविषयी. त्यात पायापेक्षा हातांचाच वापर अधिक, चेंडू नारळासारखा लांबट, आणि खेळाडू डोक्याला शिरस्त्राण व खांद्यांना गाद्या बांधून एकमेकांवर तुटून पडतात. वसतिगृहात रात्री मोबाईलवर या खेळाचे जुने सामने पाहण्याचा मला नाद लागला आणि त्यातून एक प्रश्न मनात घर करून बसला. या खेळावर लिहिणारे लोक काही संघांना एक विशेषण हमखास लावतात. त्याचा अर्थ साधारणतः ‘कुवतीबाहेर कामगिरी करणारे’ असा होतो. 1969 च्या जानेवारीत बाल्टिमोरला हरवणारा न्यूयॉर्क जेट्स, 2002 च्या फेब्रुवारीत सेंट लुइसला हरवणारा न्यू इंग्लंड, ही त्यांची नेहमीची उदाहरणे. पण ही कुवत मोजली कोणी, आणि कोणत्या मापाने? हा प्रश्न मला सर्वांत अधिक बोचला तो फ्लॉरिडा राज्यातील टॅम्पा बे बकनिअर्स या संघाविषयी वाचताना. बकनिअर्स म्हणजे समुद्रावरचे चाचे.

खेळ थोडक्यात असा. मैदानात प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. लाथेने खांबांमधून धाडला तर तीन. चढाईचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू फेकणे किंवा धावणाऱ्याच्या हाती देणे हे त्याचे काम. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे असतात, त्यामुळे एकाच संघाची एक बाजू सोन्याची आणि दुसरी मातीची असू शकते.

टॅम्पा बेचा संघ 1976 साली नॅशनल फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. नव्या संघाची उभारणी कशी होते हे पाहण्यासारखे आहे. जुन्या संघांनी आपल्याला हवे ते खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून नव्यांनी निवडायचे. पंगत उठल्यावर जेवायला बसण्यातलाच हा प्रकार! त्या वर्षी टॅम्पा बे 14 पैकी 14 सामने हरले. पुढच्या वर्षी आणखी 12. ओळीने 26 पराभव, आणि त्यांतल्या 11 सामन्यांत एकही गुण नाही. जॉनी कार्सनसारखा नामवंत सूत्रसंचालक रात्रीच्या दूरदर्शन कार्यक्रमात त्यांच्यावर विनोद करी आणि सारी अमेरिका हसे. अखेर 11 डिसेंबर 1977 रोजी न्यू ऑर्लिन्सला त्यांनी 33-14 असे हरवले. त्या दिवशी बचाव करणाऱ्यांनीच प्रतिपक्षाचे चेंडू मध्येच पकडून गुण मिळवले, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण पुढच्या साऱ्या कथेचे बीज त्यात आहे.

हसणाऱ्यांना दिसत नव्हते ते असे की, संघ हळूहळू उभा राहत होता. लीगच्या नियमानुसार महाविद्यालयांतून नवे खेळाडू निवडताना शेवटच्या क्रमांकाच्या संघाला पहिला हक्क मिळतो. प्रशिक्षक जॉन मॅके स्वतः विद्यापीठ पातळीवर गाजलेले. त्यांनी 1976 मध्ये ली रॉय सेलमन याला घेतले. ओक्लाहोमातील शेतकरी कुटुंबातला, नऊ भावंडांत धाकटा. त्याचा भाऊ ड्यूई हाही त्याच वर्षी त्याच संघात आला. 1977 मध्ये टोनी डॉर्सेटसारखा गाजलेला धावपटू सोडून मॅकेंनी आपला जुना शिष्य रिकी बेल निवडला, आणि त्याबद्दल टीकाही सोसली. 1978 मध्ये तर त्यांनी पहिला हक्कच ह्यूस्टनला देऊन टाकला आणि बदल्यात जिमी जाइल्स हा खेळाडू व काही पुढचे हक्क घेतले. सतराव्या क्रमांकावर त्यांनी डग विल्यम्स याला उचलले.

विल्यम्स हा लुइझियानाचा, ग्रँबलिंग या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी. क्वार्टरबॅकला डोके लागते आणि काळ्या खेळाडूला ते नसते, असा समज त्या काळी उघडपणे बाळगला जाई. महाविद्यालयात क्वार्टरबॅक म्हणून खेळलेल्या काळ्या मुलांना व्यावसायिक संघ दुसऱ्याच जागेवर खेळवीत. विल्यम्सला मात्र टॅम्पा बेने क्वार्टरबॅक म्हणूनच घेतले.

मग 1979 चा हंगाम आला. आदल्या वर्षी हे लोक 16 पैकी 11 सामने हरले होते. यंदा पहिले पाचही सामने जिंकले. त्यांत लॉस एंजलिसच्या रॅम्सवर 21-6 असा विजय होता. चमत्काराची यंत्ररचना अगदी साधी होती. बेल चेंडू घेऊन पुन्हा पुन्हा गर्दीत घुसे आणि तीन-चार यार्ड मिळवी. या खेळात फेकलेला चेंडू झेलला गेला नाही की घड्याळ थांबते, पण मैदानाच्या आत धावणारा पाडला गेला तर ते चालूच राहते. बेल जितका धावे तितका प्रतिपक्षाच्या वाट्याचा वेळ कमी होई. उरलेल्या वेळात गाठ पडे ती सेलमनच्या बचावफळीशी. साऱ्या लीगमध्ये सर्वांत कमी गुण त्यांनीच दिले, 16 सामन्यांत 237, म्हणजे सामन्यामागे जेमतेम पंधरा. विल्यम्सच्या शंभर फेकींपैकी बेचाळीससुद्धा धड झेलल्या जात नव्हत्या, तरी संघ जिंकत होता!

शेवटी मात्र दम लागला. सलग तीन सामने हरल्यावर 16 डिसेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध जिंकणे भाग होते. मुसळधार पाऊस, मैदानाचे तळे झालेले, चेंडू साबणासारखा निसटता. शेवटच्या चतुर्थांशात नील ओडोनह्यू याने लाथ मारली आणि 3-0 अशा विजयाने गटविजेतेपद मिळाले. मी जे जे सामने पाहिले त्यांत हा सर्वांत गबाळा आणि सर्वांत आवडता. पुढे बाद फेरीत फिलाडेल्फियाविरुद्ध बेल 38 वेळा धावला, 142 यार्ड गेला आणि टॅम्पा बे 24-17 असे जिंकले. अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर, 6 जानेवारी 1980 रोजी, त्याच रॅम्सनी त्यांना 9-0 असे रोखले. विल्यम्स जखमी होऊन बाहेर गेला होता.

आता ‘कुवतीबाहेर’ या शब्दाकडे येतो. त्याच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. 1978 पासून लीगने अशी रचना केली होती की, आदल्या वर्षी तळाशी राहिलेल्यांना थोडे सोपे प्रतिस्पर्धी मिळावेत. टॅम्पा बेला त्याचा फायदा निश्चित झाला. पण दुसरेही एक गणित आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी केलेले आणि गुणोत्तराचा घात घेणारे एक सूत्र आता फुटबॉललाही लावतात. किती गुण केले आणि किती दिले यांवरून किती सामने जिंकायला हवे होते, हे त्यातून निघते. टॅम्पा बेने 273 गुण केले, 237 दिले. मी गणित मांडून पाहिले. उत्तर नऊ सामन्यांहून थोडे अधिक आले. त्यांनी जिंकले दहा. म्हणजे नशिबाचा वाटा एका सामन्याचाही नाही! ते त्यांच्या खेळाच्या मापातच खेळले होते. मापाबाहेर गेली होती ती लोकांची 1976 सालची आठवण.

या शब्दाशी माझे वैर थोडे जुने आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बारावीचा निकाल घेऊन पेढे वाटत फिरलो, तेव्हा ओळखीतल्या एका गृहस्थांनी पेढा तोंडात टाकून, ‘तुमच्या मानाने फारच उत्तम!’ असे म्हणून पाठ थोपटली. वडील हसले. मीही हसलो. असो.

विल्यम्सला वर्षाला 1 लाख 20 हजार डॉलर मिळत होते, अनेक राखीव क्वार्टरबॅकपेक्षाही कमी. त्याच्या काळात टॅम्पा बे चार वर्षांत तीनदा बाद फेरीत पोचले. 1982 च्या हंगामानंतर त्याने 6 लाख मागितले. मालक ह्यू कल्व्हरहाउस 4 लाखांच्या पुढे सरकेनात, तेव्हा तो संघ सोडून गेला. रिकी बेल 1984 साली दुर्धर आजाराने वारला, वय अवघे 29. टॅम्पा बे 1983 मध्ये 16 पैकी 14 सामने हरले, आणि पुन्हा बाद फेरी पाहायला त्यांना 1997 उजाडावे लागले.

विल्यम्स पुढे वॉशिंग्टनच्या संघात गेला. 31 जानेवारी 1988 रोजी, लीगच्या अंतिम सामन्यात, दुसऱ्या चतुर्थांशात त्याने एकट्याने चार टचडाउन फेकले. वॉशिंग्टन 42-10 असे जिंकले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याआधी कोणत्याही कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने या अंतिम सामन्याची सुरुवातसुद्धा केलेली नव्हती. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक होते जो गिब्ज. 1978 मध्ये ते टॅम्पा बेत मॅकेंच्या हाताखाली काम करीत होते आणि ग्रँबलिंगला जाऊन विल्यम्सची पारख त्यांनीच करून आणली होती.