हळदीची पट्टी

सकाळी ६:३०
काल रात्री स्पिरिटमध्ये हळद कालवून टीपकागद बुडवले होते. आता वाळलेत. कापून पट्ट्या करते, डबा भरते, निघते.

९:३०
ब्युटी पार्लरच्या कोर्सला येणाऱ्या माझ्या मुलींपैकी बऱ्याच जणींची शाळा दहावीला सुटली. केमिस्ट्री म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात, म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर एकही सूत्र लिहीत नाही. टेबलावर सहा वाट्या मांडते: अंगाच्या साबणाचं पाणी, फेसवॉश, शिकेकाई, दही, लिंबू, खायचा सोडा. साबणाच्या पाण्यात पट्टी बुडते आणि लालभडक होते. "मॅडम, हळदीच्या साडीला साबण लावला की असंच होतं!" हा शोध त्यांच्या घरातच होता. त्याचं नाव सांगणं एवढंच माझं काम. सोड्यातही पट्टी तांबूस होते, बाकी वाट्यांत पिवळी राहते.

१०:३०
पुस्तकात 'सामू' म्हणतात, पार्लरमध्ये 'पीएच'. 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ही मोजपट्टी मांडली. तिची प्रत्येक पायरी दहापटीची. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, आणि मी तो देते. त्वचेचा पीएच साधारण 5, साबणाचा 9 ते 10. पाचापासून नऊपर्यंत चारच पायऱ्या, पण फरक दहा हजारपट. लिंबू 2 च्या आसपास, म्हणजे उलट दिशेला हजारपट. चेहऱ्यावर थेट लिंबू चोळायला सांगणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, आणि तो मी वर्गात लपवत नाही.

१:००
डबे. लोणच्याच्या खारातही कुणीतरी पट्टी बुडवून बघते.

२:००
ब्लीच. आधी एक गैरसमज काढायचा: ब्लीच लव काढत नाही, लवेचा रंग काढतं. हायड्रोजन पेरॉक्साइड केसातल्या मेलॅनिनचं ऑक्सिडीकरण करतं. धातूची वाटी वापरायची नाही, कारण काही धातूंमुळे पेरॉक्साइड आधीच फुटून जातं. काच किंवा प्लॅस्टिक घ्यायचं. कालवलेलं उरलं तर बाटलीत कोंबून झाकण लावायचं नाही, आत ऑक्सिजन साठत राहतो. आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं. त्या चेहऱ्याची जबाबदारी आपली आहे, हे मी दर बॅचला त्याच गंभीरपणे सांगते.

४:३०
सगळ्या गेल्यावर एक जण थांबली. आई चार घरची भांडी घासते, हात फुटून रक्त येतं. "पट्ट्या नेऊ का?" उरलेल्या सगळ्या दिल्या. रात्री ओलसर हातांना खोबरेल लावायला आणि जखम भरली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

रात्री ८:३०
तिचा फोटो आला. भांड्यांच्या वडीची पट्टी लाल, लिक्विडची पिवळी. खाली प्रश्न: "मॅडम, लिक्विडचा पीएच चांगला आहे, मग त्यानेही आईचे हात कोरडे का पडतात?"

उद्या ब्लीचचा दुसरा भाग घेणार होते, तो पुढे ढकलला. फेसाचे रेणू एका टोकाने तेल धरतात, दुसऱ्याने पाणी, आणि भांड्याच्या तेलकटपणाबरोबर कातडीची स्निग्धताही ओढून नेतात. दाखवायला खोबरेलाची बाटली, पाणी आणि झाकणाची बरणी पिशवीत भरली.